साहेबी गाडी घेताना दात पाहा



या सदरात आपण एरवी बियाणे, खत, बहार आणि रोगराई यांविषयी बोलतो. आज मोटारगाडीविषयी बोलू, आणि तीही जुन्या, मोठ्या, साहेबी मोटारीविषयी. कृषी विस्ताराच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. गेल्या हंगामात बांधावर गेलो की बागेतल्या डिंक्याविषयी एक प्रश्न निघे आणि जुन्या गाडीविषयी दोन. शिवाय डिंक्याने जेवढे नुकसान केले नाही तेवढे एका चुकीच्या गाडीने केलेली घरे मी पाहिली आहेत.

काटोल तालुक्यातले एक संत्रा बागायतदार माझ्या चांगल्या ओळखीचे. आंबिया बहार यंदा बरा साधला, व्यापाऱ्याने पैसेही वेळेवर दिले. मुलाचे लग्न जवळ आलेले. मुलाने नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात एक काळीभोर लांब मोटार पाहून ठेवली होती. नवी असताना वीस लाखांच्या घरातली, आता मागत होते पावणेपाच लाख. बागायतदार मला म्हणाले, "साहेब, बैल असता तर मीच पायला असता. हे लोखंडाचं जनावर मले समजत नाही. तुमी सोबत चाला." मी काही मिस्त्री नव्हे, पण वीस वर्षे जुन्याच गाड्या चालवून हात पोळून घेतलेला माणूस आहे. म्हणून गेलो.

गाडी नव्या नवरीसारखी सजवून ठेवली होती. आत अत्तराचा घमघमाट. मीटरवर आकडा अवघा साठ हजार किलोमीटरचा. मुलगा हरखून गेला होता. बागायतदारांच्या पत्नी मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "अहो, हिला पावसात भिजलेल्या कणगीचा वास येऊन राहिला."

दुकानदार हसला. मला मात्र हसू आले नाही. मी पुढच्या आसनाचा पट्टा धरून शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, पण शेवटची वीतभर पट्टी मातकट तपकिरी. मागच्या डिकीतला गालिचा उचलून जादा चाकाच्या खळग्यात हात घातला, तर कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. आसनाखालचे बोल्ट गंजलेले. गाडी पुरात बुडून निघालेली होती.

तुम्हाला आठवत असेल, २०२३ साली २२ आणि २३ सप्टेंबरच्या दरम्यानच्या रात्री नागपुरात अतोनात पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. ही गाडी त्या रात्रीची की दुसऱ्या कुठल्या गावच्या पुराची, ते मी सांगू शकत नाही. पण पाणी बैठकीपर्यंत चढले होते, एवढे नक्की. अशी गाडी धुऊन, वाळवून, चकचकीत करता येते. परंतु तारांच्या जोडांत आणि विजेच्या पेट्यांत शिरलेले पाणी सहा महिन्यांनी, वर्षाने आपला गुण दाखवते. मग कधी काच खाली होत नाही, कधी दिवे जातात, कधी गाडी रस्त्यातच बंद पडते. अपघातात उघडणारी हवेची पिशवी ऐन वेळी उघडेल याचीही खात्री राहत नाही.

आम्ही निघालो. तेव्हा कळले की मुलाने वडिलांना न सांगता एकवीस हजारांचा इसार आधीच देऊन टाकला होता. दुकानदार तो परत करीना, कारण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे लिहिलेले. परतीच्या वाटेवर मुलगा मान खाली घालून बसला होता. कळमेश्वर मागे पडल्यावर बागायतदार एवढेच बोलले, "एकवीस हजार गेले, पावणेपाच लाख वाचले. शिकवणी समज." एवढ्या मोठ्या मनाचा बाप प्रत्येकाला लाभत नाही, म्हणून ही शिकवणी आपण फुकटात घेऊ.

स्वस्त का मिळते?

साहेबी गाडी म्हणजे फार अवाढव्य नव्हे, पण छोट्या गाडीपेक्षा दोन पायऱ्या वरची. कोरोला, सिव्हिक, ऑक्टाविया या त्यातल्या. आणखी वर जायचे तर ऑडी ए-४, बीएमडब्ल्यूची तिसरी मालिका, मर्सिडीजची सी-क्लास. यांतल्या काही तर आपल्याच राज्यात जोडल्या गेल्या. ऑक्टाविया आणि ए-४ औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला, मर्सिडीज पुण्याजवळ चाकणला. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या मंडळींनी एकजुटीने सौदा करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. गाडी ही प्रतिष्ठेची वस्तू आहे हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही.

परंतु प्रतिष्ठेची वस्तू पहिल्या मालकाकडे जेवढी टिकते तेवढी बाजारभावात टिकत नाही. धनिक माणूस पाच-सात वर्षांत गाडी बदलतो. हमीची मुदत संपते, मोठे खर्च समोर दिसू लागतात आणि मग गाडी निम्म्याहून कमी भावात बाजारात येते. दुसरे असे की, यांतल्या कित्येक गाड्या भारतात बंद झाल्या. कोरोलाची विक्री २०२० साली थांबली, ऑक्टावियाची नेहमीची विक्री २०२३ साली. बंद झालेल्या गाडीचे भाग मिळतात, पण छोट्या गाडीसारखे तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत. नागपूरहून मागवावे लागतात, कधी मुंबई-पुण्याहून.

इथेच आपला माणूस फसतो. गाडीची किंमत दहा वर्षांत वीस लाखांवरून पाच लाखांवर येते, पण तिच्या भागांची किंमत खाली येत नाही. ते भाग वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार.

नमुन्यादाखल हिशेब मांडू. पावणेपाच लाखांची गाडी घेतली. पहिल्या वर्षी चार टायर ३२,००० रुपये, बॅटरी ९,०००, इंजिनाचा टायमिंग पट्टा व पाण्याचा पंप २५,०००, चाकांवरचे झटके झेलणारे भाग ३०,००० आणि विमा २०,००० धरा. एकूण १,१६,००० रुपये झाले. म्हणजे किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. प्रत्येक गाडीला सगळे एकदम लागेल असे नाही, पण एवढी रक्कम बाजूला काढून ठेवता येत नसेल तर ती गाडी आपली नाही असे समजावे. हाती पावणेपाच लाख असतील तर गाडी पावणेचारची पाहावी.

दात कसे पाहावेत?

बैलबाजारात आपण काय करतो? दात मोजतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवतो. शिंगांना रंग लावलेला बैल पाहून कुणी भुलत नाही. गाडीचेही तेच.

टायर हे गाडीचे खूर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरची नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पुरा ७०१ किलोमीटर सुरू आहे. त्या तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास वेगात धावताना म्हातारे टायर दगा देतात, आणि तिथला दगा जिवावरचा असतो.

पेडलचे रबर, सुकाणूचे चाक आणि चालकाचे आसन हे दात. ते झिजून गुळगुळीत झाले असतील आणि मीटर लहान आकडा दाखवीत असेल, तर मीटर फिरवलेले आहे. काचांच्या कोपऱ्यात छापलेले साल पाहा. सगळ्या काचा एका सालच्या आणि एक वेगळी, तर तिथे काही घडले होते. दारांच्या आणि पुढच्या झाकणाच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असला तर ते भाग उघडलेले आहेत. पुराची गाडी कशी ओळखावी ते वर सांगितलेच.

गाडी नेहमी थंड इंजिनावर सुरू करून पाहावी, आणि तीही सकाळी. दुकानदाराने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीत पहिल्या मिनिटाला पांढरी वाफ दिसणे वेगळे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर थंडाव्याचे पाणी इंजिनात जात असण्याचा संभव आहे. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर चढावर, गर्दीत, हळूहळू चालवून पाहावी. धक्के देत असेल तर सोडून द्यावी. त्या गिअरबॉक्सची दुरुस्ती लाखाच्या पुढे जाऊ शकते.

आणि शेवटी, घेण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने दोन-तीन हजार देऊन एखाद्या जाणकार मिस्त्रीकडून गाडी वर उचलून खालून तपासून घ्यावी. विक्रेता याला नाही म्हणाला, तर त्यातच उत्तर मिळाले.

कागद पक्के, तर गाडी पक्की

गाडी हातात आली म्हणजे आपली झाली असे नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आणि नमुना ३५ घेऊन नोंदवहीतला बोजा उतरवून घ्यावा. सातबाऱ्यावर बोजा असलेली जमीन आपण घेत नाही; ही गोष्ट तशीच आहे. गाडीचा बोजा, विमा आणि थकलेला दंड सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येतो. मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत दाखवील.

एमएच-३१ वा एमएच-४९ ची शहरातली गाडी आपण एमएच-४० च्या हद्दीत आणली, तरी नाव आणि पत्ता दोन्ही बदलून घ्या. परराज्यातली गाडी असेल तर फार सावध राहा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासच्या भागात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यावरची बंदी कायम केली. त्यानंतर तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या फार स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेताना तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि महाराष्ट्राचा वाहनकर किती भरावा लागेल, याची चौकशी सौद्याच्या आधी करा. कर जोडला की स्वस्ताई पुष्कळदा उडून जाते.

आता विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ही कापून ठेवावी अशी आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याने जुनी जीप दलालाला विकली. कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या, पैसे मोजून घेतले आणि विसरले. नाव बदललेच नाही. तीन वर्षांनी त्या जीपचा अपघात झाला, विमा संपलेला होता आणि नुकसानभरपाईची नोटीस आली ती यांच्या नावाने. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत स्पष्ट सांगितले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी प्रत्यक्षात चार हात फिरलेली असली तरी. तेव्हा गाडी दिली की नाव उतरले याची खात्री स्वतः करा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. अशा व्यापाऱ्याला गाडी दिल्यावर नमुना २९-सी भरून कार्यालयाला कळवले की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नाही तर आपल्या गाडीचे नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करते. आधीच्या मालकाची दावा न केल्याची सवलत त्याच्यासोबत जाते, ती आपल्याला मिळत नाही. म्हणून विम्याचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त भरावा लागेल हेही धरून चला.

पैसा कुठून आणावा?

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. समजा ४ लाख रुपये १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,१०० रुपये येतो आणि शेवटी सुमारे ५,४६,००० फेडावे लागतात. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास, कपाशीचा त्यानंतर, संत्र्याचा बहाराप्रमाणे. हप्ता मात्र ज्येष्ठातही येतो, पेरणीच्या तोंडावरही येतो. पीक कर्ज किंवा बागेच्या ठिबकसाठी ठेवलेला पैसा गाडीकडे वळवू नये. बाग सुकली तर गाडी दारात उभी राहून काय उपयोग?

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्यांचा भाव त्या मानाने उतरलाच पाहिजे. दुकानदार जुन्या हिशेबाने भाव सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

गावात आणल्यावर

साहेबी गाडीचे पोट जमिनीलगत असते. पांदण रस्त्याने, पावसाळ्यात काळ्या चिकण मातीतून ती शेतापर्यंत नेऊ नका. ऑइलचा खालचा डबा एका दगडाने फुटतो आणि ऑइल गेल्यावर इंजिन दोन मिनिटांत बसते.

ट्रॅक्टरच्या ड्रममधले डिझेल या गाडीत कधीही घालू नये. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात इंधन अतिशय उच्च दाबाने बारीक छिद्रांतून जाते. ड्रममधले पाणी आणि धूळ ट्रॅक्टर एक वेळ सोसेल, ही गाडी सोसत नाही. त्यातून २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग धावावी लागते. ज्यांचे जाणे-येणे गाव ते तालुका आठ-दहा किलोमीटरचे, त्यांनी पेट्रोलचीच गाडी घ्यावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे आणि मक्याचे आहे, त्याचा राग नको. पण २०२३ पूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या दरवर्षी तपासून घ्याव्यात.

युरियाची पोती डिकीतून आणू नका. सांडलेला युरिया ओल धरतो आणि पत्रा खातो. कीटकनाशकांच्या बाटल्या तर बंद, वातानुकूलित गाडीत मुलाबाळांसोबत मुळीच ठेवू नका. त्यासाठी ट्रॉली आहे. गाडी धान्याच्या कोठाराजवळ उभी केली तर उंदीर तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी ती चालवावी आणि झाकण उघडून पाहावे. आणि आपल्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा थंडाव्याच्या टाकीत विहिरीचे पाणी ओतू नये. त्यातल्या क्षारांनी नळ्या चोंदतात. कंपनीने सांगितलेले शीतक द्रवच घालावे.

त्या बागायतदारांच्या घरी पुढे काय झाले, ते सांगतो. दोन महिन्यांनी मुलाने स्वतः शोधून एक गाडी काढली. नागपुरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, पेट्रोलची, नऊ वर्षांची, एकाच हातातली. पहिल्या दिवसापासूनच्या दुरुस्तीच्या सगळ्या पावत्या त्यांनी तारीखवार फाइलला लावलेल्या. रंग थोडा उडालेला, अत्तर नाही. सौदा तीन लाख साठ हजारांना झाला आणि उरलेल्यातले एक लाख मुलाने वडिलांच्या खात्यावर गाडीसाठी म्हणून वेगळे ठेवले. इसार देण्याआधी त्याने आईला मागे बसवले आणि विचारले, "वास येते का?"

"नाही," ती माउली म्हणाली, "पण पाय आखडतात."

लग्नाची वरात त्याच गाडीतून निघाली.

तुम्हीही गाडी घ्या, जरूर घ्या. कष्टाच्या पैशाने घरच्या माणसांना उन्हापावसात सुखाने नेण्यात गैर काहीच नाही. फक्त शिंगांचा रंग पाहून घेऊ नका, दात पाहून घ्या. आणि जाताना घरातल्या बाईमाणसाला सोबत न्या.